थंडीच्या सकाळीं मोटार सुरू कां होत नाहीं?

मार्गशीर्ष लागला म्हणजे मुकुंदवाडीच्या गल्ल्यांतून पहाटेच्या वेळीं एक ओळखीचा आवाज ऐकूं येऊं लागतो. पहिल्या पाळीसाठीं चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेला कोणी कामगार, जालना रस्त्यावर पहिलें भाडें गांठूं पाहणारा कोणी रिक्षावाला, किंवा आजारी माणसास दवाखान्यांत नेण्याच्या घाईंत असलेलें एखादें कुटुंब गाडीची किल्ली फिरवितें. गाडी दोन वेळां कण्हते, एकदां 'टक्' असा आवाज करिते आणि स्वस्थ बसते. मग शेजारीपाजारी जमतात, धक्का मारून पाहतात, आणि "थंडीनें बॅटरी गेली" असा निर्णय देऊन आपापल्या कामास निघून जातात.

हा निर्णय ऐकणाऱ्यास सहज पटतो; कारण थंडी अंगाला प्रत्यक्ष झोंबत असते, आणि गाडी तर कालपर्यंत चालत होती. परंतु एखादी गोष्ट दुसरीच्या मागून घडली एवढ्यावरून ती तिच्यामुळेंच घडली असें ठरत नाहीं, हें शास्त्राच्या अभ्यासकानें विसरतां कामा नये. ह्या अपराधांत थंडीचा वांटा किती, आणि तिच्या नांवावर खपणारा दुसऱ्या कोणाचा किती, हें पाहण्यासाठीं मोटार सुरू होण्याची क्रिया आरंभापासून समजून घेतली पाहिजे. विद्युत् आणि रसायन हीं प्रकरणें आमच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांत निरनिराळ्या ठिकाणीं भेटतात. मोटारीच्या झांकणाखालीं मात्र तीं एकाच घरांत नांदतात. म्हणून हा विषय जितका पालकांच्या उपयोगाचा, तितकाच विद्यार्थ्यांच्याहि अभ्यासाचा आहे.

मोटारीचें इंजिन आपल्या बळावर चालतें खरें, परंतु आपल्या बळावर सुरू होत नाहीं. त्याला प्रथम हवा व इंधन आंत ओढावें लागतें, तें मिश्रण दाबावें लागतें, आणि मगच तें पेटून दट्ट्यास ढकलतें. हें ओढणें व दाबणें पहिल्यानें कोणी तरी बाहेरून करून दिलें पाहिजे. पूर्वीं हें काम माणसाचा हात करीत असे. इंजिनाच्या पुढील बाजूस एक वांकडा लोखंडी दांडा घालून तो जोरानें फिरवावा लागे. ह्यालाच आमच्याकडील चालक 'हँडल मारणें' म्हणत. जुन्या अँबेसेडर गाड्यांबरोबर मिळणारें असें हँडल पुष्कळ पालकांनीं किंवा आजोबांनीं पाहिलें असेल. इंजिन अवेळीं पेटलें म्हणजे तो दांडा उलटा फिरे आणि मारणाऱ्याचें मनगट मोडी. पुढें अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग ह्या यंत्रज्ञानें विजेनें इंजिन फिरविण्याची सोय सिद्ध केली, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत ती बसविण्यांत आली. तेव्हांपासून माणसाच्या दंडावरचा भार बॅटरीवर पडला. जुन्या चालकांचा मात्र तिच्यावर पुरता विश्वास नसे. ते रात्रीं गाडी मुद्दाम उतारावर उभी करीत, म्हणजे सकाळीं ती घरंगळत सोडून सुरू करतां येई. आजच्या पुष्कळ स्कूटरींना किक उरलेली नाहीं, आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारी धक्क्यानें सुरू होत नाहींत; त्यामुळें आपलें बॅटरीवरील अवलंबन पूर्वीपेक्षां वाढलेलेंच आहे.

आतां किल्ली फिरविली म्हणजे काय घडतें तें पाहूं. किल्लीच्या कुलुपांतून जाणारा प्रवाह अगदीं बेताचा असतो. तो 'रिले' व 'सोलेनॉइड' ह्या भागांस जागें करितो. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचें वेटोळें. त्यांतून प्रवाह गेला म्हणजे तें चुंबक बनतें आणि मधला लोखंडी दांडा आंत खेंचून घेतें. ह्या एका ओढीनें दोन कामें होतात. एकीकडे 'पिनियन' नांवाचें लहान दांतेरी चाक पुढें सरकतें आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या कडेवरील दांत्यांत अडकतें. दुसरीकडे तांब्याचे जाड संपर्क एकमेकांस भिडतात आणि बॅटरीचा मुख्य प्रवाह विजेच्या मोटरींत शिरतो. ह्या मोटरीलाच गॅरेजांतील मिस्त्री 'सेल्फ' म्हणतात. पिनियनला नऊ-दहा दांते असतात, तर फ्लायव्हीलला शंभराहून अधिक. म्हणून सेल्फ दहा-पंधरा वेळां फिरेल तेव्हां इंजिन एकदां फिरतें. वेग देऊन बळ विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. विहिरीवरचा रहाट ज्यानें पाहिला आहे त्यास तो नवा वाटणार नाहीं.

हें बळ देण्यासाठीं प्रवाहहि मोठा लागतो. मोटारीच्या पुढील एका दिव्यास सुमारें ५ अँपिअर प्रवाह पुरतो. सेल्फ मात्र लहान मोटारींतसुद्धां १०० ते २०० अँपिअर घेतो, आणि थांबलेलें इंजिन हलवितांना पहिल्या क्षणीं ह्याहूनहि अधिक ओढतो. परंतु ही ओढ फार थोडा वेळ टिकते. १५० अँपिअर प्रवाह ३ सेकंद वाहिला असें धरल्यास एकंदर खर्च एका अँपिअर-तासाचा केवळ आठवा भाग होतो. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरींतून एवढा खर्च पावणेतीनशेंहून अधिक वेळां निघेल!

मग बॅटरी दमते कशानें? येथें रांजणाची उपमा उपयोगी पडेल. रांजणांत पाणी किती आहे, हा एक प्रश्न. आणि त्याची तोटी किती मोठी आहे, हा दुसरा. रेडिओ किंवा लहान दिवा ह्यांना बारीक धार पुरते. सेल्फला एकदम लोट हवा असतो. रांजण अर्धा भरलेला असूनहि तोटी तुंबलेली असेल तर तो लोट मिळत नाहीं. थंडी मुख्यत्वें ह्या तोटीवर हात ठेविते.

हें कसें घडतें तें कळण्यासाठीं बॅटरीच्या आंत डोकावलें पाहिजे. शिशाची पुनःपुन्हां भरतां येणारी बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लान्ते ह्यानें १८५९ सालीं प्रथम बनविली, आणि पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन तिची शक्ति वाढविण्याची युक्ति कामीय फोर ह्यानें १८८१ सालीं काढली. आजच्या मोटारींतील बॅटरी हिचीच वंशज होय. तिच्यांत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यांत कांहीं पट्ट्या शिशाच्या, कांहीं लेड डायऑक्साइडच्या, आणि त्यांच्यामध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल असतें. एका कप्प्याचा दाब सुमारें २.१ व्होल्ट, सहांचा मिळून १२.६ व्होल्ट. वीज घेऊं लागलों म्हणजे दोन्हीं प्रकारच्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमूं लागतें आणि अम्ल पातळ होत जातें. उलट वीज भरली म्हणजे सल्फेट मोडून अम्ल पुन्हां दाट होतें. म्हणूनच हायड्रोमीटरनें अम्लाचें विशिष्ट गुरुत्व पाहिलें कीं बॅटरीची स्थिति कळते. भरलेल्या बॅटरींत तें १.२६ ते १.२८ असतें, पुरत्या उतरलेलीत १.१२ च्या आसपास येतें.

रासायनिक क्रिया थंडींत मंदावतात, हें आपण स्वयंपाकघरांत रोज पाहतों. हिंवाळ्यांत दही लवकर लागत नाहीं आणि इडलीचें पीठ फुगत नाहीं. तीच गोष्ट बॅटरीची. थंड झालेलें अम्ल पट्ट्यांच्या बारीक छिद्रांतून सावकाश फिरतें, आणि मागितलेला मोठा प्रवाह तितक्या त्वरेनें उत्पन्न होत नाहीं. ही झाली देणाऱ्याची अडचण.

घेणाऱ्याची अडचण वेगळीच आहे. खोबरेल तेलाची बाटली थंडीच्या सकाळीं थिजलेली सर्वांनीं पाहिली आहे. इंजिनांतील तेल तसें थिजत नाहीं, पण दाट होतें; आणि त्या दाट तेलांतून सर्व दट्टे व दांडे हलवावयास सेल्फला अधिक जोर लावावा लागतो. तेलाच्या डब्यावर '२० डब्ल्यू ४०' किंवा '५ डब्ल्यू ३०' असें लिहिलेलें असतें. त्यांतील 'डब्ल्यू' हें अक्षर हिंवाळ्याच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तें तेल थंडींत पातळ राहतें. ह्याशिवाय थंड पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून मिश्रण पेटावयास विलंब लागतो. डिझेल इंजिनांत तर ठिणगीच नसते. दाबानें तापलेल्या हवेंतच इंधन पेटतें. भोंवतालचें लोखंड गार असलें म्हणजे ती हवा हवी तेवढी तापत नाहीं. ह्यासाठीं त्यांत 'ग्लो प्लग' बसवितात, ज्यास आमचे चालक 'हीटर' म्हणतात. त्याचें टोंक कांहीं सेकंदांत ८०० अंश सेंटिग्रेडच्याहि वर तापतें. समोरच्या फलकावर वेटोळ्याची पिंवळी खूण दिसते ती ह्याचीच. ती मावळल्यावरच किल्ली पुढें फिरवावी.

अशा रीतीनें थंडी दोन्हीं बाजूंनीं मार देते: देणाऱ्याचा हात आंखडते, आणि मागणाऱ्याची गरज वाढविते. मोटारीच्या धंद्यांत ह्याचे कांहीं ढोबळ आंकडे प्रचलित आहेत. २७ अंशांवर बॅटरीचें बळ १०० आणि इंजिनाची गरजहि १०० मानली, तर शून्य अंशावर बळ सुमारें ६५ होतें आणि गरज १५५. उणे १८ अंशांवर बळ ४० उरतें आणि गरज २१० होते. तेल व इंजिन बदललें म्हणजे हे आंकडेहि थोडेफार बदलतात, परंतु त्यांचा रोंख हाच राहतो. बॅटरीच्या अंगावर 'सी.सी.ए.' अशीं अक्षरें व एक आंकडा छापलेला असतो, त्याचा अर्थहि येथें सांगावयास हरकत नाहीं: उणे १८ अंशांवर, ३० सेकंदपर्यंत, दाब ७.२ व्होल्टच्या खालीं जाऊं न देतां बॅटरी जितके अँपिअर देऊं शकते, तो तो आंकडा.

ज्या देशांत खरोखर असा शीतकाल असतो, तेथें लोकांनीं निराळे उपाय योजिले आहेत. कॅनडाच्या थंड प्रांतांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांची मोटार भारतांतील नातेवाइकांनीं पाहिली, तर तिच्या पुढील जाळींतून विजेची एक तार लोंबतांना दिसून त्यांस नवल वाटतें. रात्रभर ती तार भिंतींतील विजेला जोडून इंजिनांतील पाणी कोमट ठेवितात. आपल्याच देशांत लडाखमध्यें हिंवाळ्यांत साधें डिझेल मेणासारखें गोठूं लागतें. म्हणून २०१९ सालीं इंडियन ऑइल कंपनीनें उणे ३३ अंशांपर्यंत वाहतें राहणारें डिझेल तेथें आणिलें. बॅटरीसुद्धां तेथें गोठूं शकते. भरलेल्या बॅटरीचें अम्ल उणे ५० अंशांवरहि गोठत नाहीं. पण उतरलेलींतील पातळ अम्ल उणे १० अंशांच्या सुमारासच बर्फ होतें आणि तिचें कवच फोडतें.

आतां आपण मुकुंदवाडीस परत येऊं. येथें पारा ८ किंवा १० अंशांवर आला कीं आपण कडाक्याची थंडी म्हणतों. महाराष्ट्रांत निफाडच्या द्राक्षमळ्यांत तो कधीं कधीं ५ अंशांच्याहि खालीं जातो, आणि बागाईतदार शेकोट्या पेटवून वेली जपतात. तरीहि ती उणे १८ अंशांची थंडी नव्हे. वरील हिशेबानें १० अंशांवर धडधाकट बॅटरीचें सुमारें ७८ टक्के बळ शिल्लक असतें, आणि इंजिनाची गरज जेमतेम एकतृतीयांशानें वाढलेली असते. तेवढ्यानें गाडी अडावयास नको. मग ती अडते कां?

ह्याचें उत्तर थंडींत नसून उन्हाळ्यांत आहे. आमच्या मराठवाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत दुपारचें तापमान ४० अंशांच्या वर जातें, आणि उन्हांत उभ्या असलेल्या किंवा नुकत्याच चालून आलेल्या मोटारीच्या झांकणाखालीं तें ह्याहून पुष्कळ अधिक असतें. दर १० अंशांच्या वाढीबरोबर रासायनिक क्रियांचा वेग सुमारें दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. वेग वाढला हें ऐकून प्रथम बरें वाटतें, परंतु चांगल्या क्रियांबरोबर वाईटहि वाढतात. शिशाची जाळी झिजूं लागते; पट्ट्यांवरचा लेप सुटून तळाशीं पडतो; पाणी उडून जातें आणि पट्ट्यांचे वरचे कांठ कोरडे पडतात; गाडी नुसती उभी असली तरी बॅटरी आपोआप अधिक लवकर उतरते. उतरलेल्या स्थितींत ती बरेच दिवस राहिली, तर पट्ट्यांवरील सल्फेटचे खडे कठीण होतात व मागाहून भरूनहि मोडत नाहींत. हें नुकसान पुन्हां भरून येणारें नव्हे. रांजणहि लहान होतो आणि तोटीहि कायमची अरुंद होते.

परंतु हें सर्व घडत असतां गाडी मात्र बिनतक्रार सुरू होत असते, कारण उन्हाळ्यांत तेल पातळ असल्यामुळें इंजिन थोडक्या बळानें फिरतें. एक उदाहरण घेऊं. समजा, नव्या बॅटरीचें बळ १०० आहे आणि एखाद्या इंजिनाची गरज २७ अंशांवर ५० आहे. १० अंशांवर बळ ७८ होईल आणि गरज ६७. गाडी सुरू होईल. आतां दोन-तीन उन्हाळे सोसून बॅटरीचें बळ ८० वर आलें असें धरा. २७ अंशांवर ८० विरुद्ध ५०. मालकास शंकाहि येणार नाहीं. पण १० अंशांवर त्या ८० चे ६२ होतात आणि गरज ६७ असते. गाडी अडली! येथें थंडीनें बॅटरी मारिली नाहीं. मे महिन्यांत जें गेलें होतें त्याची झडती डिसेंबरांत घेतली, एवढेंच. वर्षभर न केलेला अभ्यास परीक्षेच्या दिवशीं उघडा पडतो, त्यांत परीक्षेचा दोष कोणता?

ह्यावरून पहिला व्यावहारिक बोध असा कीं, बॅटरीची खरी जपणूक उन्हाळ्यांत केली पाहिजे. गाडी शक्य तों सावलींत उभी करावी. ज्या बॅटरीला पाण्याची बुचें असतात, तिची पातळी उन्हाळ्यांत दर पंधरवड्यास पाहावी, आणि खुणेपर्यंत केवळ डिस्टिल्ड वॉटरच घालावें. नळाचें किंवा घरच्या फिल्टरचें पाणी घालूं नये, कारण त्यांतील क्षार पट्ट्यांस घातक होतात. वरून अम्ल तर कधींच घालूं नये. सुट्टींत महिनाभर गांवीं जावयाचें असल्यास गाडी कोणाकडून तरी आठवड्यांतून एकदां अर्धा तास चालवून घ्यावी. नुसती सुरू करून पांच मिनिटांत बंद करणें हें भरणें नव्हे.

दुसरा बोध निदानाचा आहे. गाडी अडली म्हणजे बॅटरीच गेली असें धरून चालूं नये. गाडी कोणता आवाज करिते तो ऐकावा. भराभर 'टक्-टक्-टक्' असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर बॅटरींत जोर नाहीं, किंवा तिचें टर्मिनल सैल आहे. एकदांच ठसठशीत 'टक्' होऊन दिवे प्रखर राहिले, तर सोलेनॉइडचे संपर्क जळले असतील किंवा सेल्फमधील कार्बनचे ब्रश झिजले असतील. सेल्फ घुंई करून नुसताच फिरला आणि इंजिन हललें नाहीं, तर पिनियन अडकलें नाहीं. सेल्फ इंजिनास जोरानें फिरवीत असून तें पेटत नसेल, तर बॅटरी निर्दोष आहे. दोष इंधनाचा, ठिणगीचा किंवा डिझेलच्या हीटरचा समजावा. हा आवाज गॅरेजवाल्यास नीट सांगतां आला, तर पुष्कळदां नवी बॅटरी घेण्याचा खर्च वांचतो. ज्याचें पोट रिक्षावर आहे, त्याला हा खर्च लहान नसतो.

"हॉर्न वाजतो, दिवे लागतात, मग बॅटरी कशी बिघडेल?" असें पुष्कळ विचारतात. ह्याचें उत्तर ओहमच्या नियमांत आहे. टर्मिनलवर निळसर-पांढरा थर चढून तेथें एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच रोध उत्पन्न झाला असें माना. हॉर्नच्या ५ अँपिअर प्रवाहांत तेथें केवळ ०.०५ व्होल्ट नष्ट होतील. कोणाच्या ध्यानींहि येणार नाहीं. परंतु सेल्फच्या १५० अँपिअर प्रवाहांत त्याच जागीं १.५ व्होल्ट नाहींसे होतील, आणि सेल्फ कण्हूं लागेल. म्हणून तो थर गरम पाण्यांत खाण्याचा सोडा विरघळवून धुवावा, पाणी बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये, टर्मिनल कोरडें करून घट्ट बसवावें आणि वरून व्हॅसलीनचा हात द्यावा. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी जाड पट्टीहि तितकीच महत्त्वाची असून तिच्याकडे कोणाचें लक्ष नसतें. टर्मिनल काढतांना उणे बाजू आधीं काढावी आणि बसवितांना ती शेवटीं बसवावी, म्हणजे पान्हा चुकून सांगाड्यास लागला तरी ठिणग्या उडत नाहींत.

थंड सकाळीं गाडी सुरू करण्याचीहि एक रीत आहे. दिवे, पंखा, रेडिओ बंद ठेवावे. गिअरच्या गाडींत क्लच पूर्ण दाबावा, म्हणजे गिअरच्या पेटींतील दाट तेल ढवळण्याचें ओझें सेल्फवर पडत नाहीं. एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारूं नये, आणि दोन प्रयत्नांमध्यें निदान अर्धा मिनिट थांबावें. ह्या विश्रांतींत सेल्फ निवतो आणि बॅटरींतील अम्ल पट्ट्यांच्या छिद्रांतून पुन्हां शिरतें. म्हणूनच थांबल्यावर ती कांहीं अंशीं ताजी झालेली दिसते. रागानें लागोपाठ किल्ली फिरविणाऱ्यास हा लाभ मिळत नाहीं.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घेणें, ज्यास 'जंप' देणें म्हणतात, त्यांत मात्र धोका आहे, आणि तो सर्वांनीं समजून घ्यावा. वीज भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा ४ झालें तरी एका ठिणगीनें स्फोट होतो आणि अम्ल तोंडावर व डोळ्यांत उडतें. म्हणून तांबडी तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोंकास, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोंकास जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या उणे टोंकास, आणि तिचें दुसरें टोंक अडलेल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, लावावें. शेवटची ठिणगी जी पडावयाची ती अशा रीतीनें वायूपासून दूर पडते. सोडतांना क्रम उलटा. उतरलेली बॅटरी फुगलेली, फुटलेली किंवा गोठलेली असेल तर हा प्रयोग करूंच नये. जवळ विडी-सिगारेट नको, आणि मुलांनीं वांकून पाहूं नये. अम्ल अंगावर उडालेंच तर तात्काळ भरपूर पाणी ओतावें. डोळ्यांत गेल्यास पाण्यानें पुष्कळ वेळ धुवून लगेच डॉक्टरांकडे न्यावें.

बॅटरीचें आयुष्य संपल्यावर तिचें काय होतें, हा प्रश्न आमच्या मतें सर्वांत गंभीर आहे. शिसें विषारी आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस त्याचें कोणतेंहि प्रमाण निर्भय समजलें जात नाहीं. २०२० सालीं युनिसेफ व प्युअर अर्थ ह्या संस्थांनीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, जगांतील सुमारें तीनांतील एका मुलाच्या, म्हणजे ८० कोटींपर्यंत मुलांच्या, रक्तांत दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें असल्याचें म्हटलें आहे. आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसें वितळविण्याचा धंदा हें त्याचें एक मुख्य कारण सांगितलें आहे. हें शिसें धुरांतून मातींत जातें, कामगाराच्या कपड्यांबरोबर घरांत येतें, आणि रांगणाऱ्या मुलाच्या बोटांवरून तोंडांत जातें. भारत सरकारनें २०२२ सालीं केलेल्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा योग्य रीतीनें पुनर्वापर करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकिली आहे, आणि नवी बॅटरी घेतांना दुकानदार जुनीची किंमत वजा करून ती परत घेतात. दारावरच्या भंगारवाल्यानें शेंपन्नास रुपये अधिक देऊं केले तरी जुनी बॅटरी त्यास न देतां दुकानांतच परत करावी. ते अधिकचे रुपये कोणा तरी दुसऱ्याच्या मुलाच्या बुद्धींतून वसूल होत असतात.

शेवटीं विद्यार्थ्यांना एक काम सुचवितों. घरीं मोटार किंवा रिक्षा असेल, तर वडिलांच्या देखत, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळीं बॅटरीचा दाब मल्टिमीटरनें मोजावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे सुमारें पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ किंवा त्याखालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारतांना तो ९.६ च्या खालीं घसरला तर बॅटरी थकली आहे. गाडी चालू असतां तो साधारणतः १३.८ ते १४.४ च्या दरम्यान नसेल तर ऑल्टरनेटर तपासून घ्यावा. दर आठवड्यास हे आंकडे आणि त्या सकाळचें तापमान एका वहींत लिहावें, आणि दिवाळीच्या सुट्टीपासून पुढील जून उजाडेपर्यंत हा क्रम मोडूं नये. बॅटरीला थंडीनें मारिलें कीं उन्हानें, ह्याचा निर्णय मग गल्लींतील जमावावर सोंपवावा लागणार नाहीं. तो त्या वहींतच लिहिलेला सांपडेल.